‘पहिला’ कोण ? जागतिक शर्यतींचें दप्तर आणि १९२० चें पुण्याचें पथक

१

जालना जिल्ह्यांत, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यांत, असई हें गांव आहे. ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं येथें दौलतराव शिंदे व रघूजी भोंसले यांच्या सैन्याची जनरल वेलस्लीच्या फौजेशीं लढाई झाली, हें वाचकांस विदितच आहे. त्या लढाईचे इंग्रजी कागद ज्यांनीं चाळले असतील त्यांस हेंही ठाऊक असेल कीं, त्या कागदांत ‘शिंदे’ हें नांव कोठेंच धड येत नाहीं. तें ‘सिंदिया’ होऊन येतें. असईचें ‘असाये’ होतें, जालन्याचें ‘जॉलना’ होतें. परंतु यामुळें आपला घोटाळा होत नाहीं. इतिहासाचा अभ्यासक तो कागद वाचतां वाचतांच मनांतल्या मनांत दुरुस्ती करतो, आणि सिंदिया नांवाचा कोणी वेगळा पुरुष होता असें त्याच्या स्वप्नांतही येत नाहीं.

या लढाईनंतर ११७ वर्षांनीं, म्हणजे १९२० सालीं, बेल्जम देशांतील अँटवर्प शहरीं ऑलिंपिक सामने झाले. त्यांत कुस्तीच्या आखाड्यांत पुन्हां एक शिंदे उतरला, आणि पुन्हां परकी लेखणीनें त्याचें नांव बिघडवून ठेवलें. सामन्यांच्या निकालपत्रांत तो ‘रणधीर शिंदेस’ आहे. मराठी वाचकास शेवटचा ‘स’ विभक्तीचा प्रत्यय वाटावा. परंतु तेथें तो आडनांवाचाच भाग होऊन बसला आहे. असईच्या शिंद्यांचें नांव आपण सुधारून घेतलें, अँटवर्पच्या शिंद्यांचें मात्र तसेंच राहूं दिलें. इतकेंच नव्हे, तर आपलेच लेखक तें चुकीचें नांव उतरून घेऊं लागले.

हा प्रश्न एका अक्षराचा नाहीं. जगाच्या स्पर्धांत आपला पहिला मनुष्य कोण, पहिलें पथक कोणतें, त्यांनीं काय केलें, या सर्व गोष्टींस आज आधार आहे तो या परकी निकालपत्रांचा. तेव्हां असें दप्तर तयार होतें कसें, त्यांत ‘पहिला’ हें पद कोणत्या नियमानें दिलें जातें, आणि तें आपण किती प्रमाण मानावें, याचा विचार सनदा व बखरी पारखणाऱ्या मंडळींनींच केला पाहिजे. प्रस्तुत लेखाचा उद्देश एवढाच.

२

जागतिक शर्यतीचें दप्तर कसें जन्मास येतें याचा उत्तम दाखला अँटवर्पच्या शेजारींच, हॉलंड देशांत, सांपडतो. आपल्याकडे गोदावरीचें व पूर्णेचें पाणी उन्हाळ्यांत आटतें. हॉलंडांतील कालव्यांचें पाणी कडक हिंवाळ्यांत गोठून दगडासारखें होतें. बुटाखालीं पोलादी पात बांधून त्या बर्फावरून घसरत धांवण्याची चाल तेथें फार जुनी. यासच स्केटिंग म्हणतात. गांवोगांवच्या अशा शर्यती कित्येक पिढ्या चालत आल्या होत्या. आपल्याकडे जत्रेंत कुस्त्यांचा फड भरतो तशाच त्या भरत आणि विसरल्या जात.

१८८९ च्या जानेवारींत आम्स्टरडॅम शहराच्या म्यूझियम चौकांतील बर्फाच्या मैदानावर निरनिराळ्या देशांचे स्पर्धक बोलावण्यांत आले, आणि जो जिंकेल त्यास जगज्जेता म्हणावयाचें ठरलें. शर्यती तीन : अर्धा मैल, एक मैल व दोन मैल. परंतु अट अशी कीं, तिन्ही शर्यती ज्यानें जिंकल्या त्यासच तें पद द्यावयाचें. रशियाचा अलेक्झांडर पान्शिन यानें अर्ध्या मैलाची व एक मैलाची अशा दोन शर्यती जिंकल्या. तिसरी दुसऱ्याकडे गेली. म्हणून त्या वर्षीं जगज्जेता कोणीच झाला नाहीं. १८९० सालींही पद रिकामेंच राहिलें. १८९१ सालीं अमेरिकेच्या जोसेफ डोनह्यू यानें सर्व शर्यती जिंकून अट पुरी केली, व त्यास जगज्जेता म्हणून जाहीर करण्यांत आलें.

आतां कोणीही सामान्य मनुष्य म्हणेल कीं, या खेळाचा पहिला जगज्जेता डोनह्यू. परंतु अधिकृत यादी पाहिली तर तींत त्याचें नांव नाहीं. तिचा आरंभ १८९३ पासून होतो, आणि पहिलें नांव येतें तें हॉलंडच्याच याप एडन याचें. याचें कारण असें : १८९२ च्या जुलै महिन्यांत हॉलंडांतील स्खेवेनिंगेन या समुद्रकांठच्या गांवीं हॉलंड, ग्रेट ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी व स्वीडन या देशांचे प्रतिनिधि जमले आणि त्यांनीं आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघ स्थापन केला. त्याचे पहिले अध्यक्ष विलेम म्यूलिए हे होते. संघानें मैलाचें माप सोडून मीटरचें माप धरलें. ५००, १५००, ५००० व १०,००० मीटर अशा चार शर्यती ठरविल्या. आणि चारपैकीं निदान तीन जिंकणारासच पद द्यावें असा नियम घातला. या नियमानें १८९३ च्या जानेवारीच्या १३ व १४ तारखांस आम्स्टरडॅम येथें पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. एडन त्या वेळीं अवघा १९ वर्षांचा होता. त्यानें पहिल्या तीन शर्यती जिंकल्या आणि पद मिळविलें. पुढील वर्षीं, १८९४ सालीं, कोणासच तीन शर्यती साधल्या नाहींत, म्हणून पद पुन्हां रिकामें राहिलें. १८९५ व १८९६ सालीं तें पुन्हां एडनकडेच आलें.

यावरून काय निष्पन्न होतें ? डोनह्यू एडनपेक्षां कमी वेगाचा होता असें नव्हे. त्या दोघांच्या शर्यतींची तुलनाच होऊं शकत नाहीं. कारण एकाचें माप मैलाचें, दुसऱ्याचें मीटरचें. अर्धा मैल म्हणजे सुमारें ८०५ मीटर. तेवढ्या अंतराची शर्यत नव्या नियमांत नव्हतीच. शिवकालीन बिघा व इंग्रजी एकर यांची सरळ बेरीज करणाऱ्यास आपण जसें हंसूं, तसेंच या दोन यादींची बेरीज करणाऱ्यासही हंसावें लागेल. एडन पहिला ठरला याचें कारण असें कीं, त्याच्या वेळीं चार गोष्टी एकत्र आल्या होत्या : आधीं ठरलेला नियम, सर्वांस मान्य माप, तो नियम चालविणारी संस्था, आणि त्या संस्थेनें जपून ठेवलेली नोंद. या चारांपैकीं एक जरी नसली तरी धांवणारा धांवतो, लोक टाळ्या वाजवितात, आणि दप्तर मुकें राहतें.

३

याप एडन हा सायकलीवरही तितकाच वेगवान् होता. १८९४ सालीं सायकलींच्या जागतिक शर्यतींत त्यानें दहा किलोमीटरची शर्यत जिंकली, ती अँटवर्प येथें. त्याच शहरीं पुढें २६ वर्षांनीं ऑलिंपिक सामने भरले. महायुद्ध नुकतेंच संपलें होतें व बेल्जमची भूमि त्या युद्धांत होरपळून निघाली होती. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया व तुर्कस्तान या देशांस आमंत्रण नव्हतें. या सामन्यांचा एक भाग १९२० च्या एप्रिलांतच उरकला : बर्फावरील कलात्मक स्केटिंग व बर्फावरील हॉकी. स्केटिंगच्या वेगाच्या शर्यतींस मात्र ऑलिंपिकांत जागा मिळाली ती १९२४ सालीं, फ्रान्सच्या शामोनी गांवीं. उन्हाळी सामन्यांचा समारंभ ता. १४ ऑगस्ट १९२० रोजीं झाला. पांच वलयांचा ध्वज या सामन्यांत प्रथम फडकला, आणि स्पर्धकांच्या वतीनें शपथ घेण्याची रीतही येथूनच सुरू झाली.

याच सामन्यांस हिंदुस्थानांतून सहा जणांचें एक पथक गेलें. त्याचा उगम पुण्यास, १९०६ सालीं स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्यांत आहे. १९१९ च्या सुमारास जिमखान्याच्या वार्षिक शर्यतींचें अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांजकडे होतें. दोराबजींचें शिक्षण केंब्रिज येथें झालें होतें व विलायती पद्धतीच्या मैदानी खेळांचे नियम त्यांस अवगत होते. पुढें १९२९ सालीं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष बाये-लातूर यांस लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं या वेळची हकीकत दिली आहे. तिचा आशय असा कीं, जिमखान्याच्या मंडळींस हौस दांडगी होती, परंतु शर्यतीच्या नियमांची माहिती बेताची होती. लांब पल्ल्याच्या शर्यतींत धांवणारे बहुतेक शेतकरी असून ते अनवाणी धांवत. आणि तरीही त्यांपैकीं कांहींचा वेळ युरोपांतील धांवपटूंच्या वेळेच्या जवळपास जाणारा होता.

येथें वाचकांनीं थांबून पाहावें. स्खेवेनिंगेन येथें जो प्रश्न होता तोच पुण्यास उभा राहिला. पाय होते, दम होता. परंतु नियम, माप, संस्था व नोंद यांचा मेळ अजून बसावयाचा होता. याविषयीं एक गोष्ट सांगतात, ती मार्मिक आहे. शंभर मीटरच्या शर्यतीस किमान पात्रतेचा वेळ काय धरावा, असें कमिटीच्या एका वजनदार गृहस्थांस विचारलें, तेव्हां ते म्हणाले कीं, एक मिनिट, फार तर दोन मिनिटें धरावा. येथें मिनिटांचा संबंध नाहीं, सेकंदांचा व सेकंदाच्या अंशांचा आहे, हें सांगितल्यावर ते थक्क झाले. या गोष्टीवर हंसावेसें वाटतें, पण हंसूं नये. मोजल्यावांचून धांवणाऱ्या समाजाचें मोजून धांवणाऱ्या समाजांत पाऊल पडतांना असा अडखळा यावयाचाच. हॉलंडच्या खेडुतांसही तो आला असेल.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या साह्यानें दोराबजींनीं ऑलिंपिक समितीची परवानगी मिळविली. निवडीच्या शर्यती पुण्यास घेतल्या. आणि खर्चाचा मोठा वांटा स्वतः उचलला. या ठिकाणीं एक सूचना करणें अवश्य वाटतें. कित्येक लिखाणांत या गव्हर्नराचें नांव ‘लॉइड जॉर्ज’ असें पडलें आहे. लॉइड जॉर्ज हे त्या वेळीं ब्रिटनचे मुख्य प्रधान होते. मुंबईचे गव्हर्नर ते कधींच नव्हते. नांवाचे दोन शब्द उलटे झाल्यानें सगळा मनुष्यच बदलला. निकालपत्रांतील नांवें आपल्याच हातीं किती सहज बिघडतात, याचा हा धडा आहे.

४

पथकांत चौघे धांवणारे व दोघे मल्ल होते. धांवणाऱ्यांत बंगालचे बॅनर्जी, बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले, दातार, आणि कैकाडी. मल्लांत कुमार नवले व रणधीर शिंदे. व्यवस्थापक म्हणून सोहराब भूत व डॉ. फैजी हे बरोबर गेले. मंडळी १९२० च्या जूनमध्यें मुंबईहून बोटीनें निघाली, कांहीं आठवडे लंडनला सराव केला, व तेथून अँटवर्पास पोहोंचली. सहांपैकीं पांच जण पश्चिम हिंदुस्थानांतील होते. जालन्याचा मुलूख त्या वेळीं निजामाच्या राज्यांत असल्यानें पुण्याच्या या खटपटीच्या बाहेर होता, हें आपल्याकडील वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

बॅनर्जी १०० व ४०० मीटरच्या शर्यतींत धांवले. प्राथमिक फेरीच्या पुढें त्यांस जातां आलें नाहीं. नवल्यांची कुस्ती पहिल्याच फेरींत गेली. शिंदे हे ६० किलोपर्यंतच्या वजनाच्या गटांत मोकळ्या कुस्तीसाठीं उतरले होते. लाल मातीवर वाढलेला मल्ल तेथें गादीवर, परक्या नियमांनीं, परक्या पंचांपुढें लढला. एक कुस्ती जिंकून पदकाच्या कुस्तीपर्यंत पोहोंचला. आणि चौथा आला. पहिलीं दोन पदकें अमेरिकेच्या अ‍ॅकर्ली व गर्सन यांस व तिसरें ब्रिटनच्या बर्नार्ड यास मिळालें. म्हणजे पहिल्याच खेपेस पदक एका कुस्तीच्या अंतरावर राहिलें. तें अंतर तोडण्यास ३२ वर्षें लागलीं. १९५२ सालीं हेलसिंकी येथें कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं कांस्यपदक मिळविलें, तेव्हां तें तुटलें. जाधवांचें नांव आज घरोघर माहीत आहे आणि तें योग्यच आहे. शिंद्यांचें मात्र निकालपत्रांतही धड राहिलें नाहीं.

मॅरॅथॉनची दौड ता. २२ ऑगस्ट रोजीं झाली. तींत चौगुले व दातार हे दोघे धांवले. दातारांस दौड पुरी करतां आली नाहीं. चौगुले २ तास ५० मिनिटें ४५.४ सेकंदांत पोहोंचले व त्यांचा क्रमांक १९ वा लागला. पहिला आला तो फिनलंडचा हानेस कोलेमायनेन. त्याचा वेळ २ तास ३२ मिनिटें ३५.८ सेकंद. दोघांत अंतर १८ मिनिटें ९.६ सेकंदांचें.

हे आंकडे पुष्कळांनीं छापले आहेत; परंतु ते वाचतांना एक गोष्ट सुटते. अँटवर्पची दौड ४२.७५ किलोमीटरांची होती. आज मॅरॅथॉनचें जें ४२.१९५ किलोमीटर अंतर सर्वत्र मानतात, तें १९२१ सालीं कायम झालें. तोंपर्यंत दर सामन्यांत अंतर निराळें असे. १९१२ सालीं स्टॉकहोम येथें तें ४०.२ किलोमीटर होतें. म्हणून चौगुल्यांचा वेळ पुढील काळांतील कोणाच्या वेळेशीं ताडून पाहणें म्हणजे अर्ध्या मैलाची ५०० मीटरांशीं तुलना करण्यासारखेंच आहे. हिशेब करूनच पाहूं. चौगुल्यांस दर किलोमीटरास सरासरी ३ मिनिटें ५९.७ सेकंद लागले. कोलेमायनेन यास ३ मिनिटें ३४.२ सेकंद. अँटवर्पचें अंतर पुढें ठरलेल्या अंतरापेक्षां ५५५ मीटरांनीं अधिक. तेवढ्यास चौगुल्यांच्या गतीनें २ मिनिटें १३ सेकंद लागतात. म्हणजे त्याच गतीनें ठराविक अंतर धरिलें तर त्यांचा वेळ सुमारें २ तास ४८ मिनिटें ३२ सेकंद होतो. हा आमचा हिशेब आहे, नोंद नव्हे, आणि दोहोंतला भेद पुसूं नये. परंतु मोजून धांवण्याची संवय नुकतीच लागलेल्या प्रांतांतून गेलेल्या तरुणानें, जगांतील सर्वांत मोठ्या स्पर्धेंत, सरासरीनें दर किलोमीटर चार मिनिटांच्या आंत तोडीत ४२ किलोमीटरांवर धांव घेतली, एवढें या आंकड्यांवरून निर्विवाद ठरतें.

५

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. जगाच्या स्पर्धांत पहिला हिंदी मनुष्य कोण ? आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचें दप्तर सांगतें कीं, १९०० सालीं पॅरिस येथें नॉर्मन प्रिचर्ड यानें २०० मीटरची धांव व २०० मीटरची अडथळ्यांची शर्यत यांत दुसरा क्रमांक मिळविला, आणि तीं दोन पदकें हिंदुस्थानच्या नांवावर आहेत. प्रिचर्डचा जन्म १८७५ सालीं कलकत्त्यास, एका इंग्रज कुटुंबांत झाला. त्यास कोणा हिंदी संस्थेनें पाठविलें नव्हतें, आणि १९०० सालीं पाठविणारी तशी संस्थाही नव्हती. तो इंग्लंडच्या बाजूनें धांवला असें मानणारा एक पक्ष आहे व हिंदुस्थानच्या बाजूनें असें मानणारा दुसरा; हा वाद अद्याप पुरता मिटलेला नाहीं. उलट १९२० चें पथक निवडीच्या शर्यती घेऊन, समितीची परवानगी काढून, येथील संस्थेनें पाठविलेलें होतें; पदक मात्र त्यास मिळालें नाहीं.

हा वाद डोनह्यू आणि एडन यांच्या वादाच्याच जातीचा आहे, व त्याचा निकालही त्याच रीतीनें लावावा असें आम्हांस वाटतें. ‘पहिला’ या एका शब्दांत दोन निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या जातात. दप्तरांत हिंदुस्थानच्या नांवावर ऑलिंपिक पदक असणारा पहिला मनुष्य प्रिचर्ड, हें खरें. हिंदुस्थानानें आपलें म्हणून पाठविलेलें पहिलें पथक पुण्याहून निघालें, हेंही तितकेंच खरें. पहिलें विधान एका व्यक्तीविषयीं आहे, दुसरें एका संस्थेविषयीं. एकानें दुसरें खोडलें जात नाहीं. जे लेखक प्रिचर्डचें नांव पुसून टाकूं पाहतात ते दप्तराशीं प्रामाणिक नाहींत. आणि जे १९२० च्या सहा जणांस ‘प्रिचर्डनंतरचे’ म्हणून एका ओळींत गुंडाळतात ते इतिहासाशीं प्रामाणिक नाहींत. स्खेवेनिंगेनच्या सभेनें जें कार्य स्केटिंगसाठीं केलें, तें हिंदी खेळांसाठीं डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींपासून सुरू झालें. त्याच्याच जोरावर १९२४ सालीं पॅरिसला पुन्हां पथक गेलें, व १९२७ सालीं हिंदी ऑलिंपिक असोसिएशन निघून तिचे पहिले अध्यक्ष दोराबजी झाले.

६

राहतां राहिला नांवांचा प्रश्न. निकालपत्रांत शिंदे ‘शिंदेस’ झाले, हें वर सांगितलेंच. दातारांचें नांव सदाशिव. परंतु कित्येक याद्यांत तें ‘सदाशिर’ असें आढळतें. हस्तलिखितें वाचणारास याचें मूळ लागलींच दिसेल : रोमन लिपींत हातानें लिहिलेला शेवटचा ‘व्ह’ व ‘आर’ यांत फरक थोडा, आणि ज्यानें तो उतरून घेतला त्यास शिवाचें नांव अपरिचित. बॅनर्जींचें नांव ‘पुर्म’ असें छापलेलें असतें. ‘पूर्ण’ हें बंगाली नांव परिचित आहे, ‘पुर्म’ तसें नाहीं. रोमन ‘एन’ चा ‘एम’ वाचला गेला असावा असा तर्क येथेंही सुचतो. परंतु दातारांच्या बाबतींत दुरुस्ती निश्चयानें करतां येते, बॅनर्जींच्या बाबतींत ती तर्क म्हणूनच ठेवली पाहिजे. बखरीचा पाठ शुद्ध करतांना आपण जी शिस्त पाळतों, तिच्यांत खेळाच्या निकालपत्रासाठीं सवलत देण्याचें कारण नाहीं. दुरुस्त पाठ वर द्यावा, छापील पाठ खालीं ठेवावा, म्हणजे पुढील संशोधकास दोन्हीं दिसतात.

असल्या दुरुस्तीस खरा आधार परदेशांतून येणार नाहीं. तो आपल्याच घरांत आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टच्या १ तारखेस लोकमान्य टिळक निवर्तले, आणि असहकाराच्या चळवळीस त्याच दिवशीं आरंभ झाला. मॅरॅथॉनची दौड त्यानंतर तीन आठवड्यांनीं झाली. सगळा महाराष्ट्र शोकांत व खळबळींत असतांना पुण्याच्या पथकाच्या वार्तेस ‘केसरी’ व ‘ज्ञानप्रकाश’ या पत्रांच्या त्या महिन्यांतील अंकांत किती जागा मिळाली, नांवें कोणत्या रूपानें आलीं, हें अंक चाळूनच पाहिलें पाहिजे. एका मराठी पत्रांतील चार ओळीही नांवांच्या बाबतींत परदेशांतील सबंध ग्रंथापेक्षां अधिक प्रमाण ठरतील. कारण ज्यास आपलीं आडनांवें येतात अशा जुळाऱ्यानें त्या जुळविलेल्या असतील.

आणि हें काम पुणें-मुंबईच्या मंडळींनींच करावयाचें असें नाहीं. जालना जिल्ह्यांत राजूरच्या गणपतीस व अंबडच्या मत्स्योदरी देवीस शेंकडों गांवांचे लोक येतात. अशा यात्रांच्या निमित्तानें मराठी मुलखांत पिढ्यान्‌पिढ्या कुस्त्यांचे फड भरत आले आहेत. जिंकणारास नारळ मिळतो, फेटा मिळतो, क्वचित् चांदीचें कडें मिळतें. नांव मात्र म्हाताऱ्यांच्या तोंडीं राहतें व त्यांच्याबरोबर जातें. १८८९ पूर्वीं हॉलंडच्या कालव्यांवर हेंच होत होतें. ज्या संग्राहकांच्या दप्तरांत देवस्थानांच्या खर्चाच्या वह्या असतील, त्यांनीं त्या वह्यांतील इनामाच्या, फेट्याच्या व तालमीच्या खर्चाच्या नोंदी एकवार मुद्दाम पाहाव्या. आजवर त्या नोंदी आपण किरकोळ म्हणून ओलांडून गेलों. त्यांतच आपल्या खेळांच्या इतिहासाचें पहिलें पान असण्याचा संभव आहे.

असईच्या रणांत पडलेल्यांपैकीं कित्येकांचीं नांवें कोणीच लिहून ठेवलीं नाहींत, आणि त्याची खंत प्रत्येक संशोधकास वाटते. अँटवर्पच्या सहा जणांचीं नांवें निदान कोणीतरी लिहून ठेवलीं. वांकडीं लिहिलीं, पण लिहिलीं. तीं सरळ करणें एवढेंच आपल्याकडे उरलें आहे. ज्यांच्या संग्रहीं १९२० च्या सामन्यांचे कार्यक्रम, छायाचित्रें, प्रशस्तिपत्रें, पत्रव्यवहार किंवा वृत्तपत्रांचीं कात्रणें असतील, त्यांनीं तीं रद्दींत जाण्यापूर्वीं मंडळाच्या दृष्टीस आणावीं, अशी विनंति करून हें टिपण पुरें करतों.